पी हळद नि हो गोरी

नरकचतुर्दशीची पहाट. न्हाणीघरात बंब पेटलेला, पाटाभोवती रांगोळीची दोन बोटे ओढलेली, आणि वाटीत तेलात कालवलेले उटणे. अंगाला ते लागले की झोपेतून नुकती उठलेली मुले कुरकुरतात आणि घरातल्या आजी त्यांचे दंड धरून मनगटापासून कोपरापर्यंत खरखरीत हात फिरवीत म्हणतात, "चोळून घे नीट. लव जाते, डाग जातात, कांती उजळते." हे वाक्य ऐकले नाही असे मराठी घर विरळा. आणि या वाक्याचा हिशेब कधी कोणी मागितला आहे, असेही घर विरळाच.

गंमत अशी, की ज्या भाषेने हे आश्वासन पिढ्यान् पिढ्या दिले, तिनेच त्याची टिंगलही करून ठेवली आहे. "पी हळद नि हो गोरी" ही म्हण उतावळ्या माणसाला उद्देशून आहे. "अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे" ही थोड्याने फुशारणाऱ्याला. आणि "हळकुंडासाठी लग्न मोडणे" ही तर क्षुल्लक गोष्टीवर हटून बसणाऱ्या वरपक्षाची. एका मुळावर इतक्या म्हणी रचणारा समाज त्या मुळाला भोळेपणाने भुललेला असेल असे वाटत नाही. त्याला ठाऊक होते. तरी त्याने वाटीत हळद घातली, ती का, हे पाहू लागलो तर वाट कृष्णाकाठाने जाते. वाईपासून कऱ्हाडापर्यंत, आणि तिथून खाली सांगलीपर्यंत.

वाईची हळद आणि सांगलीची पेठ ही नावे महाराष्ट्रातल्या कोणत्याही वाण्याच्या दुकानात ओळखीची. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास बेणे जमिनीत जाते आणि आठ-नऊ महिन्यांनी, पाने वाळून आडवी झाली की काढणी येते. खणून काढलेल्या कंदांची प्रतवारी होते. मधला मोठा तो जेठा गड्डा, त्याला फुटलेले बगलगड्डे, आणि बोटासारखी लांब ती हळकुंडे. मग काहिलीत शिजवणे. मग उन्हात दहा-पंधरा दिवस वाळवणे. मग घासून झिलई देणे. शंभर किलो ओल्या हळदीची वाळून साधारण वीस किलो होते. हे सगळे हातांचे काम आहे. खणणे, मोडणे, निवडणे, पसरणे, उलटणे, आणि त्यातले बरेचसे बायकांच्या हातांचे. हे हात लेखाच्या शेवटी पुन्हा लागणार आहेत, तेव्हा ध्यानात असू द्यावेत.

सांगलीजवळ, कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात तिथे हरिपूर आहे. संगमेश्वराचे देऊळ आणि चिंचांची दाट सावली यासाठी लोक तिथे जातात. परंतु या गावाचे खरे वैभव जमिनीखाली होते. हळद साठवण्याची पेवे. वरून तोंड अरुंद, आत पोट मोठे, रांजणासारखा आकार. इथली माती अशी चिवट, की विटा-चुन्यावाचून खणलेली भिंत उभी राहते. तळाशी व कडेने पाल्याचा थर द्यावा, हळद भरावी, तोंड मातीने लिंपून टाकावे; वर्षानुवर्षे तिला कीड लागत नाही. पेव उघडताना मात्र घाई करायची नाही. बंद खड्ड्यात श्वासाला निरुपयोगी वायू साचतो. आधी तोंड मोकळे करून हवा खेळू द्यावी लागते, मगच माणूस उतरायचा. ही खबरदारी न घेतल्याने पेवांत माणसे दगावल्याच्या गोष्टी पेवे असलेल्या प्रत्येक मुलखात ऐकू येतात. धान्याच्या पेवांचेही तेच.

याच हरिपुरात 1855 साली गोविंद बल्लाळ देवल जन्मले. त्यांचे 'संगीत शारदा' 1899 साली रंगभूमीवर आले. पैशासाठी मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणाऱ्या बापाची ती कथा. हळदीच्या गावात जन्मलेल्या माणसाने लावू नये ती हळद कोणती, हे सबंध महाराष्ट्राला सांगावे, हा योगायोग खरा. पण गोड योगायोग आहे.

आता जरा मागे, वैद्यांच्या पोथ्यांकडे. चरकाने औषधांचे पन्नास गट पाडले. त्यांतला एक गट 'वर्ण्य', म्हणजे अंगाचा वर्ण सुधारणाऱ्यांचा. चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठ, उपळसरी अशी मंडळी त्यात आहेत. हळद त्यात नाही! ती आहे लेखनीय गटात, म्हणजे खरवडून कमी करणाऱ्यांत, कुष्ठघ्नांत, म्हणजे त्वचारोग हटवणाऱ्यांत, आणि विषघ्नांत. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. मूळ ग्रंथकाराच्या लेखी हळद हे आधी रोगावरचे औषध होते. रूपाचे प्रकरण मागाहून चिकटले. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रापर्यंत येऊन पोचतो तो तिला 'वर्ण्या' म्हटलेले आढळते, आणि जोडीला नावांची खैरात होते. वरवर्णिनी काय, योषित्प्रिया काय, आणि सर्वांत झकास म्हणजे हट्टविलासिनी. हट्ट म्हणजे बाजार. बाजारात मिरवणारी! सांगलीच्या सौद्यात हळदीचे ढीग ज्यांनी पाहिले असतील त्यांना या नावाचा अर्थ कोशात पाहावा लागणार नाही.

सुश्रुताने केस आणि डाग या दोहोंचा विचार केला आहे, आणि तोही एकाच अध्यायात. चिकित्सास्थानाचा तो पहिला अध्याय व्रणांवर आहे. जखम भरून आली, पण जागा काळी पडली, तर ती आसपासच्या कातडीच्या रंगाला कशी आणावी. पांढरी राहिली तर काळी कशी करावी. केस आडवे येत असतील तर कसे काढावेत. केस उगवत नसतील तर कसे उगवावेत. चारही प्रश्नांना तो सारख्याच गंभीरपणे सामोरा जातो. काळेपणा घालवायला फळ शेळीच्या दुधात सात रात्री भिजवून त्यातच वाटायला सांगतो, आणि पांढऱ्या व्रणाला काळे करायला बिब्ब्याचे तेल. आपल्याकडे परीट धुण्यावर खुणा करायचे तोच हा बिब्बा. तो हातावर उतला की काय होते, हे ज्याला झाले आहे त्याला विचारावे: आधी फोड, मग काळा डाग, आणि डाग महिनोन् महिने.

केस काढायला सुश्रुत वस्तरा, कात्री आणि चिमटा सांगतो. त्याने भागले नाही तर मग लेप: शंखाचे चूर्ण दोन भाग, हरताळ एक भाग, आंबवलेल्या द्रवात वाटून. शंख भाजला की त्याचा चुनाच होतो, आणि हरताळ म्हणजे सोमल व गंधक यांचे पिवळे खनिज. चुना आणि हरताळ एकत्र आले की जो गंधकाचा क्षार होतो, तो केसाच्या द्रव्यातले बंध सोडवतो. केस मऊ होऊन पुसता येतो. इराण-अरबस्तानातल्या हमामखान्यांत 'नूरा' या नावाने आणि तुर्कांकडे 'रुस्मा' या नावाने हीच जोडी शतकानुशतके चालली. आज दुकानात नळीत मिळणारी केस काढण्याची मलमे सोमल टाळून, पण त्याच तत्त्वावर काम करतात. त्यांचा तो विशिष्ट वास गंधकाचाच.

आणि हा हरताळ मराठी माणसाला परका नाही. पोथी लिहिताना अक्षर चुकले की त्यावर हरताळाचा लेप देऊन ते झाकीत, म्हणून 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार. वाईसारख्या, जिला दक्षिणकाशी म्हणत आणि जिथे पुढे मराठी विश्वकोशाचे काम चालले, अशा गावात जुन्या पोथ्या पाहिल्या तर पिवळ्या पट्ट्यांखाली दडलेली अक्षरे दिसतात. तोच पिवळा लेप कागदावरचे अक्षर झाकी आणि हातावरचा केस काढी. फरक इतकाच, की पोथीला सोमलाची बाधा होत नाही.

म्हणजे पिवळे लेप दोन झाले. एक निरुपद्रवी आणि बहुधा निष्प्रभ; दुसरा प्रभावी आणि विषारी. हातावरची लव आणि डाग घालवण्याचा सगळा इतिहास या दोन वाट्यांच्या मधे हेलकावे खातो, असे माझे मत झाले आहे.

कृष्णेने थोडे खाली उतरून कऱ्हाडला या. बिल्हणाच्या काव्यात कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याने स्वयंवरात वरलेली चंद्रलेखा ही या करहाटचीच शिलाहार राजकन्या. त्याच राजाचा मुलगा तिसरा सोमेश्वर. त्याने 1130 च्या आसपास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला, आणि त्यात राजाच्या स्नानालाही स्वतंत्र प्रकरण दिले. तेल, मर्दन, उटणे, सगळे बयाजवार. स्नान हा तिथे 'भोग' आहे, उपभोगाचा एक प्रकार. दोष झाकण्याची धडपड नव्हे. आपल्या दिवाळीच्या अभ्यंगाचे नाते मला त्या भोगाशी अधिक जवळचे वाटते. उटण्यात चंदन, वाळा, नागरमोथा, गव्हला, कचोरा, आंबेहळद घालतात ती वासासाठी, थंडीत कोरड्या झालेल्या कातडीवरचा मळ व तेल निघावे यासाठी. लव जाते ही त्यावरची आजीची पुरवणी.

पुरवणीला आधार अगदीच नाही असे नाही. तान्ह्या बाळाच्या अंगावर जन्मतः मऊ लव असते. तिला डाळीच्या किंवा मसुराच्या पिठाच्या, साय-हळद घातलेल्या गोळ्याने चोळतात, आणि काही आठवड्यांत ती जाते. परंतु ती चोळली नाही तरी जातेच. निसर्गाचा तो नेमच आहे. गोळ्याला श्रेय मिळाले. मोठ्या माणसाच्या हातावरचे केस कातडीच्या आत रुजलेले असतात. पिठाच्या घर्षणाने फार तर वरची तुटकी टोके निघतील. हळदीच्या एका परक्या जातभाईच्या तेलाने काखेतल्या केसांची वाढ मंदावते, असा थायलंडातल्या संशोधकांचा 2017 मधला प्रयोग आहे. मात्र ती आपल्या स्वयंपाकघरातली हळद नव्हे, आणि मंदावणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे.

कऱ्हाड आले म्हणून एका गोष्टीजवळ थांबल्यावाचून पुढे जाववत नाही. जवळच्या टेंभूला 1856 साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. 'नकोसे केस' हा शब्द आज आपण सौंदर्याच्या दुकानात ऐकतो. पण महाराष्ट्रात सर्वांत क्रूरपणे नकोसे ठरवले गेले ते केस विधवांचे. तिला ते नको नव्हते. लोकांना नको होते. आगरकरांनी 'सुधारका'तून या केशवपनावर कोरडे ओढले, आणि 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा निर्धार केला. ज्यांच्या हातात वस्तरा त्यांनीच तो खाली ठेवला, याहून मोठे भाषण कोणते? कोणते केस कोणाला नको आहेत, हा प्रश्न त्या दिवसापासून आपल्यासमोर उघडा आहे. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात हातात चहाचा पेला देताना तिच्या मनगटाकडे निरखून पाहणारे डोळे आजही संपलेले नाहीत, म्हणून हा फाटा.

याच मुलखातल्या बायकांच्या हातांवर डाग हौसेनेही काढून घेतलेले दिसत. गोंदण! मनगटावर तुळशीवृंदावन, हातावर ठिपक्यांच्या ओळी. मरताना बरोबर येणारा दागिना हाच, अशी समजूत. डाग म्हणजे वाईट हे कातडीला ठाऊक नसते. ते शेजारीण ठरवते.

आता जरा परदेशात जाऊन यायचे आहे. कारण विसाव्या शतकात विषाची वाटी तिकडे भरली, आणि तिचे थेंब पुढे आपल्या दुकानांत आले.

1895 च्या डिसेंबरात राँटगेनने क्ष-किरणांचे पहिले प्रसिद्ध चित्र घेतले ते बायकोच्या हाताचे. अंगठीसकट हाडे दिसली. दुसऱ्याच वर्षी व्हिएन्नातल्या लिओपोल्ड फ्रॉइंडने पाठीवर केसाळ लासे असलेल्या एका लहान मुलीवर हेच किरण सोडले. केस गळले. डॉक्टर हर्षले. पाठोपाठ त्या जागी न भरणारा व्रण झाला. पण हर्षाची बातमी व्रणाच्या आधी धावते. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली क्ष-किरणांपुढे रोज हात धरीत असे. दोन्ही हात गमावून तो 1904 साली गेला. एवढे समोर असताना 1920 नंतरच्या दशकात अमेरिकेत स्त्रियांच्या तोंडावरचे व हातांवरचे केस क्ष-किरणांनी काढण्याची दुकाने गावोगाव निघाली. वेदना नाही, डाग नाही, अशी हमी. काही वर्षांनी त्याच जागी सुरकुत्या, काळे चट्टे, व्रण आणि कर्करोग. केस घालवायला गेलेल्या डाग घेऊन आल्या.

त्यानंतर 1930 च्या सुमाराला तिकडे 'कोरेमलू' नावाचे केस काढण्याचे मलम विकले जाई. त्यात थॅलियम होते. उंदरांना घालतात ते. केस गळत, खरे. पण नको त्या जागचे नव्हे, सगळेच, आणि पायांतली शक्तीही जाई. नुकसानभरपाईच्या दाव्यांखाली ती कंपनी बुडाली. परंतु तोपर्यंत विक्री रोखायला कायदा नव्हता. अमेरिकेत प्रसाधनांवर अंकुश ठेवणारा कायदा 1938 साली झाला.

डागांची कथा याहून विलक्षण. 1939 साली अमेरिकेतल्या एका कातडी कमावण्याच्या कारखान्यात मजुरांच्या हातांवर पांढरे चट्टे उठू लागले. नेमके हातमोज्यांच्या मापाचे! शोध घेता रबरी हातमोज्यांत मिसळलेले एक रसायन निघाले. हायड्रोक्विनोनचा तो एक नातलग. त्याने कातडीतले रंग करणारे कण मारले होते. काळ्यासावळ्या मजुरांच्या हातांवर ओढवलेली ती आपत्ती. आणि तिच्यातून औषधवाल्यांनी धडा घेतला तो हा, की अरे, याने रंग घालवता येतो! डाग उजळणाऱ्या मलमांत हायड्रोक्विनोन आले ते याच वाटेने. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीपुरते, ते उपयोगी आहे. मनाने वर्षानुवर्षे फासले तर कातडी निळसर-काळी पडू शकते. सुश्रुताचा बिब्बा उलट्या दिशेने परत आला म्हणा.

आपल्याकडे काय झाले? परळला 1952 साली केशव विष्णु पेंढरकरांनी काढलेल्या विको कंपनीने 1975 साली हळदीचे मलम आणले, आणि सरकारच्या उत्पादनशुल्क खात्याशी तिचा दीर्घ वाद जुंपला: हे प्रसाधन की औषध? प्रसाधनाला कर जास्त, औषधाला कमी. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ते आयुर्वेदीय औषध ठरले. चरक आणि भावमिश्र यांच्यामधला जुना फरक काळ्या कोटातल्या वकिलांनी पुन्हा उगाळला, दुसरे काय! त्याच 1975 साली बाजारात आलेल्या दुसऱ्या एका गोरेपणाच्या मलमाला 2020 मध्ये नावातला 'फेअर' हा शब्द सोडावा लागला. नळी तीच राहिली.

हळदीच्या मालकीचाही एक खटला झाला. 28 मार्च 1995 रोजी अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिसिसिपीच्या विद्यापीठाकडे गेले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी त्याला आव्हान दिले. संस्कृत ग्रंथांपासून 1953 सालच्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखापर्यंत बत्तीस दाखले पुढे केले, आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झाले. लोकांनी याला दुसरी हळदीघाटी म्हटले, ते ठीकच. मात्र बारकाईने पाहावे: भांडण जखमेसाठी होते. आपली बाजू टिकली ती हळद जखमेवर लावतात यावर; हळदीने लव जाते यावर कोणी पेटंट मागितले नाही.

रसायनशास्त्राचा निवाडाही याच धर्तीचा. हळदीतला पिवळा घटक, कुरकुमिन, 1815 साली फोगेल व पेल्तिए यांनी वेगळा केला; त्याची रचना 1910 साली उलगडली. काचनळीत तो नाना करामती करतो. रंग तयार करणाऱ्या द्रव्याला अडवतो, सूज उतरवतो. परंतु काचनळी म्हणजे मनगट नव्हे. तो पाण्यात विरघळत नाही, टिकत नाही, उन्हात फिका पडतो. हळदीचा डाग पडलेले लुगडे उन्हात वाळत घालून डाग घालवणाऱ्या गृहिणीला हे प्रयोगशाळेच्या आधीपासून ठाऊक आहे. अंगावरही तो काही काळ पिवळी झाक देतो, आणि त्या झाकेखाली सावळेपणा व बारीकसारीक डाग दबून दिसतात. लग्नाच्या दिवशी नवरीची कांती उजळते म्हणतात ती अशी. दोन दिवसांचे तेज. पण ते दोन दिवस महत्त्वाचे असतात, हे कबूल केले पाहिजे.

चिंता हळदीची नाही. हळदीने भागले नाही म्हणून उचललेल्या पुढच्या नळीची आहे. खरजेवर, गजकर्णावर दिलेली स्टेरॉइडची मलमे शेजारणीच्या सांगण्यावरून डागांवर लावली जातात. पहिले पंधरा दिवस जादू. मग कातडी पातळ, लाल, उन्हात जळजळणारी. आणि त्या जागी केस वाढतात! डाग घालवायला लावलेल्या मलमाने लव आणावी, यापरता उपहास कोणता? अशा कित्येक मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री करायला 2018 साली सरकारने बंदी घातली. गोरेपणाच्या बिननावाच्या डब्यांत पाराही सापडतो. 2023 साली विदर्भातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडे अशा मलमातल्या पाऱ्याने बिघडल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी शोधून काढले. आणि हळद तरी शुद्ध असावी ना! दगडासारखी चकचकीत पिवळी दिसावी म्हणून हळकुंडांवर शिशाचा पिवळा रंग चढवण्याचा प्रकार बांगलादेशात 2019 च्या संशोधनाने उघडकीला आणला. जादा पिवळेपणाला भुलू नये, हे म्हणूनच बरे.

मग हाताचे करायचे काय, असे एखादी वाचक भगिनी विचारील. ज्यात विष नाही असे उपाय साधेच आहेत. वस्तऱ्याने केस दाट होतात ही भीती खोटी. 1928 साली मिल्ड्रेड ट्रॉटर या बाईंनी मोजून दाखवले आहे. साखर-लिंबाच्या चिकट पाकाने काढावेत, दोऱ्याने काढावेत, किंवा ठेवावेत. कायमचे हवे असेल तर विजेची सुई आहे. ती 1875 साली सेंट लुईसच्या एका नेत्रवैद्याने डोळ्यात रुतणाऱ्या पापणीसाठी शोधली. लेसरही आहे, पण सावळ्या कातडीला सोसणारा लेसर वेगळा असतो, तो निवडणारा डॉक्टर असावा, दुकानदार नसावा. तरुणपणी एकाएकी राठ केस वाढू लागले, पाळी चुकू लागली, तर ते उटण्याचे काम नव्हे. अंतःस्रावांची तपासणी हवी. हातावरचे काळे ठिपके बहुधा उन्हाचे व वयाचे असतात. युरोपात त्यांना यकृताचे डाग म्हणत, यकृताचा काडीचा संबंध नसताना. छत्री, लांब बाही आणि उन्हाचे मलम, एवढ्याने नवे थांबतात. एखादा डाग आकार बदलू लागला, रक्ताळला, तर मात्र दाखवावा. जुने तसेच राहिले तर राहू द्यावेत. आजीच्या हातावर होतेच की!

हरिपूरची पेवे आता पूर्वीसारखी भरत नाहीत. 2005 च्या महापुराचे पाणी त्यांत शिरले, आणि 2019 चा पूर तर त्याहून मोठा. व्यापाऱ्यांनी हळूहळू गोदामांची व शीतगृहांची वाट धरली. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात नव्या जाती तयार होतात, आणि मोसमात मराठवाड्यातून, तेलंगणातून गाड्या येऊन सांगलीच्या पेठेत ढीग लागतात.

त्या ढिगांशी बसून हळकुंडे निवडणाऱ्या बायकांचे हात मी पाहिले आहेत. आयुष्यभराची हळद त्या हातांना लागली असेल. जगात कोणाचे हात डागांवाचून आणि लवेवाचून असायचे तर ते यांचे असायला हवेत. त्यांवर भेगा आहेत, उन्हाने काळवंडलेले पंजे आहेत, मनगटावर लव आहे, कोणाच्या हातावर फिकट पडलेले गोंदण आहे. संध्याकाळी काम सुटले की त्या नळाखाली साबणाने हात धुतात. साबणाच्या खाराने हळद लाल होते, आणि फेस कुंकवाच्या पाण्यासारखा मोरीतून वाहत जातो.